कवळाणे ते लक्ष्मीविलास

थोर माणसांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा त्यांच्या कार्याच्या अनुरोधाने. अमुक साली जन्म, अमुक साली राज्यारोहण, मग सुधारणांची यादी आणि शेवटी निधन. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांविषयी अशी पुस्तके आपण परीक्षेपुरती चाळतो आणि परीक्षा झाली की मिटून ठेवतो. या लेखात महाराजांची हकिकत मी जरा निराळ्या वाटेने सांगणार आहे. ते ज्या घरांत राहिले, जी घरे त्यांनी बांधली आणि जी पाहिली, त्या घरांची ही वाट आहे.

असे का करावेसे वाटले, ते आधी सांगतो. मी बोळिंजचा. आमच्या गावात केळीच्या, पानवेलींच्या आणि फुलांच्या वाड्या होत्या, विहिरी होत्या, बावखले होती. घर म्हणजे मंगलोरी कौलांचे छप्पर, पुढे ओटा, मग पडवी, माजघर, मागे न्हाणी आणि परसदारी विहीर. आता विरारकडून गावात येताना दोन्ही बाजूंना उंच इमारती लागतात. म्हाडाच्या वसाहतीत हजारो घरे उभी राहिली आहेत. खाजगी इमारतींच्या जाहिरातींच्या फळ्यांवर परदेशी शहरांची नावे असतात, इटालियन संगमरवराचे वचन असते आणि ‘आलिशान’ हा शब्द हमखास असतो. आमच्या आजीला हा शब्द ठाऊक आहे, पण ती चांगल्या घराला ‘ऐसपैस’ म्हणते. हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत, असे मला वाटू लागले. एका देशात जे घर वैभवाचे समजतात ते दुसऱ्या देशात का समजत नाहीत, हा विचार मनात घोळू लागला आणि तो करताना सयाजीरावांची आठवण झाली. शेतकऱ्याच्या घरात जन्मून जगातल्या मोठ्या राजवाड्यांपैकी एकात राहिलेला आणि देशोदेशीची घरे आतून पाहिलेला असा दुसरा मराठी माणूस मला तरी माहीत नाही.

बडोदे आम्हा वसई-विरारकरांना तसे परके नाही. आमच्या स्टेशनातून जाणारी रेल्वे पूर्वी बी. बी. सी. आय. म्हणून ओळखली जाई. त्या नावातले दुसरे ‘बी’ बडोद्याचे. इतिहासातही एक धागा आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. पेशवे आणि गायकवाड यांच्यातल्या देण्याघेण्याचा वाद इंग्रजांच्या लवादाकडे जाईल, अशी तजवीज त्या तहात होती. बडोद्याच्या गादीवर कोण बसणार हे पुढे इंग्रजांच्या संमतीने ठरू लागले, त्याची एक मुळी अशी आमच्या तालुक्यात येऊन पोहोचते.

सयाजीरावांचा जन्म मार्च १८६३ मधला, नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावचा. वडिलांचे नाव काशीराव, आईचे उमाबाई, मुलाचे गोपाळ. आडनाव गायकवाड असले आणि बडोद्याच्या राजघराण्याशी दूरचे नाते असले, तरी घर शेतकऱ्याचेच होते. गोपाळ बाराव्या वर्षापर्यंत शाळेत गेला नाही. गुरे आणि शेतीची कामे हीच त्याची शाळा. अशा गावात चांगले घर कशाला म्हणत असतील? कणगीत दाणा असावा, गोठ्यात जोडी असावी, चार पाहुणे आले तर ओसरीवर पाठ टेकायला जागा असावी. भिंती मातीच्या असल्या तरी त्याने कमीपणा येत नाही. घराची श्रीमंती तिथे माणसांत आणि दाण्यांत मोजली जाते. बोळिंजमध्ये दाण्याच्या जागी केळीचा घड घाला, माप तेच राहते.

१८७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले. त्यांचे थोरले बंधू खंडेराव आधीच वारले होते. खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि कवळाण्याहून मुले बडोद्यास आणली गेली. कशासाठी आलास असे विचारता इतर मुले गोंधळली आणि गोपाळने मात्र राज्य करण्यासाठी आलो असे सांगितले, अशी कथा आहे. २७ मे १८७५ रोजी त्याचे दत्तविधान झाले आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

बारा वर्षांच्या त्या मुलाने बडोद्यात काय पाहिले असेल? गायकवाडांचा जुना थाट म्हणजे जडजवाहीर, हत्ती, मल्ल आणि दागदागिने. खंडेरावांनी हजारो मोत्यांचा एक गालिचा विणवून घेतला होता. तो मदिनेला पैगंबरांच्या कबरीसाठी पाठवायचा त्यांचा मनोदय होता, असे सांगतात. पुढे २००९ साली त्याचा लिलाव दोहा येथे झाला. खंडेरावांनी चांदीच्या तोफा ओतविल्या, तर मल्हाररावांनी सोन्याच्या. याच दरबारात खुर्च्या-टेबले मात्र बेताचीच. आपल्याकडची जुनी श्रीमंती अशीच होती. ती अंगावर घालता येई, जमिनीवर अंथरता येई, मिरवणुकीत नेता येई आणि वेळ आली तर गाठोड्यात बांधून पळवताही येई. घर मोठे असे ते माणसांसाठी. पुण्याचा शनिवारवाडा घ्या किंवा कोणत्याही सरदाराचा वाडा घ्या. रस्त्याच्या बाजूला जाड भिंत आणि भक्कम दरवाजा, वैभव सारे आत, चौकाचौकांत. किती चौकी वाडा आहे, यावर घराण्याची पत ठरे. आत एका खोलीचे एकच काम नसे. सकाळी जिथे कारकून बसत, तिथेच दुपारी पंगत बसे आणि रात्री सतरंज्या पडत.

युरोपातली रीत उलट होती. तिकडचा प्रासाद उघड्या बागेत उभा राहतो आणि दुरून दिसावा म्हणूनच बांधलेला असतो. आत जेवायची खोली वेगळी, वाचायची वेगळी, बसायची वेगळी आणि निजायची तर प्रत्येकाची वेगळी. दार लावून एकटे बसता येणे, ही तिथे मोठ्या घराची खूण. जपानात आणखी तिसरीच तऱ्हा. तिथे खोलीत वस्तू जितक्या कमी तितकी अभिरुची उंच समजतात. म्हणजे एक देश माणसे मोजतो, एक दारे मोजतो आणि एक रिकामी जागा मोजतो.

सयाजीराव वयात येईपर्यंत राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते आणि शिक्षणाची जबाबदारी एलियट या इंग्रज गृहस्थांकडे होती. कवळाण्याच्या मुलाला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचे पाठ सुरू झाले. याच काळात, १८७८ च्या सुमारास, नव्या राजवाड्याचे काम निघाले. महाराज तेव्हा पंधरा वर्षांचे होते आणि राज्याचे संपूर्ण अधिकार त्यांना २८ डिसेंबर १८८१ रोजी मिळाले. लक्ष्मीविलास त्यांच्या नावावर ओळखला जातो खरा, पण राजाला कसे घर शोभते याचा पहिला निर्णय दुसऱ्यांनी घेतलेला होता, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा त्यांच्याच हातचा. १८८१ मध्ये मँट वारले आणि रॉबर्ट चिझम यांनी काम पुढे नेऊन १८९० मध्ये पुरे केले. खर्च १ लाख ८० हजार पौंडांच्या घरात गेला, असे सांगितले जाते. हिंदू, मुसलमानी आणि युरोपीय अशा सगळ्या शैली तिथे एकत्र आल्या. दरबार दिवाणखान्याची फरशी व्हेनिसच्या पद्धतीची, खिडक्यांच्या रंगीत काचा बेल्जमच्या, पुतळे फेलिची या इटालियन शिल्पकाराचे आणि भिंतीवर राजा रविवर्म्यांची पौराणिक चित्रे. पण या वास्तूतली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट तिची विभागणी आहे. दरबाराचा भाग, महाराजांचा भाग आणि राणीवशाचा भाग, असे तीन वाडे एका छपराखाली बांधले आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला तो युरोपीय प्रासाद दिसतो. आत मात्र पडद्याची चाल सांभाळणारा जुना मराठी वाडा शाबूत आहे. घराचा दर्शनी भाग लवकर बदलतो. आतल्या रीती बदलायला मात्र वेळ लागतो.

महाराजांचे पहिले लग्न १८८० मध्ये तंजावरच्या मराठा घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी झाले. सासरचे नाव चिमणाबाई. राजवाड्याचे नाव त्यांच्या माहेरच्या नावावरून पडले, असे म्हणतात. १८८५ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले. वाडा पुरा व्हायला तेव्हा आणखी पाच वर्षे होती. त्याच साली महाराजांचा दुसरा विवाह झाला. या दुसऱ्या चिमणाबाईंनी पुढे जाहीर समारंभात पडदा सोडला, १९११ मध्ये स्त्रियांच्या स्थितीविषयी इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. ज्या राणीवशासाठी वाड्याचा तिसरा भाग बांधला, त्याची भिंत त्यांनी आतून ओलांडली.

महाराजांना निद्रानाशाचा विकार होता. राज्याची कामे रात्र रात्र पाहण्याची सवय आणि त्यात प्रकृतीची कुरकुर. डॉक्टरांच्या सल्ल्याने १८८७ मध्ये ते प्रथम युरोपला गेले आणि मग आयुष्यभर वारंवार जात राहिले. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानणाऱ्या त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. राज्यातले सर्वांत मोठे घर बांधले जात असताना त्या घराचा धनी झोपेच्या शोधात परदेशी जातो, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक तसेच धरून बसलो होतो.

इंग्लंडमध्ये महाराजांनी पुढे जे घर घेतले त्याची कथा आपल्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना विशेष आवडेल. सरे आणि ससेक्स परगण्यांच्या सीमेवर हॅझलमिअर गावाजवळ ‘ऑल्डवर्थ’ नावाचे घर आहे. ते कवी टेनिसनने १८६९ मध्ये स्वतःसाठी बांधून घेतले आणि १८९२ मध्ये तो तिथेच वारला. पुढे ते घर महाराजांकडे आले. टेनिसनला त्या घरात कशाचे अप्रूप वाटे, तर नळातून गरम पाणी येणाऱ्या न्हाणीघराचे. तो दिवसातून दोन-तीन वेळा स्नान करी, असे सांगतात. आपल्याकडे ज्याच्या घरी तांब्याचा बंब आणि परसात विहीर आहे तो माणूस हे ऐकून हसेल. रोजची आंघोळ ही आपल्या गरिबाच्या घरचीही गोष्ट, ती तिकडे राजकवीच्या घरची चैन ठरली. उलट शेकोटीभोवती एकट्याने पुस्तक वाचत बसायची खोली तिकडे मध्यम वर्गातही असे. ती आपल्याकडे सरदाराच्या वाड्यातही सापडणे कठीण. ज्या देशात जे दुर्मिळ, तिथे त्याचे नाव चैन.

लक्ष्मीविलास मी पाहिला तो मागच्या हिवाळ्यात, काही मित्रांबरोबर. पहाटे विरारहून गाडी धरली आणि दुपारी आम्ही त्या फरशीसमोर उभे होतो. राजघराणे आजही त्या वास्तूत राहते आणि काही दालने लोकांना पाहता येतात. माझ्या मित्रांच्या तोंडून आपोआप आलिशान हा शब्द निघाला. मला मात्र तेवढ्या मोठ्या दिवाणखान्यात आमच्या ओट्यासारखी पाय सोडून बसायची जागा शोधावीशी वाटली, ती दिसली नाही.

पण महाराजांचे मोठेपण त्या फरशीत अडकून पडले नाही, म्हणूनच त्यांचे चरित्र सांगण्याजोगे आहे. १८७९ मध्येच बडोद्यात सयाजीबाग, जिला लोक कमाटीबाग म्हणत, सर्वांसाठी खुली झाली होती. राजवाड्याचे काम पूर्ण होत होते त्याच सुमारास आजव्याचा प्रचंड तलाव बांधून शहराला नळाचे पाणी देण्याची योजना पुरी झाली. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला. त्याच १९०६ मध्ये महाराज आणि महाराणी अमेरिकेला गेले. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी महाराज भारावले. श्रीमंताच्या बंगल्यात असतात तशी पुस्तके तिथे कारागीरही घरी नेऊन वाचत होता. १९१० मध्ये त्यांनी बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले आणि मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातल्या वाचनालयापर्यंत जाळे विणले. फिरत्या पुस्तकपेट्या गावोगाव जाऊ लागल्या. पाणी, बाग, पुस्तके या एरवी वाड्याच्या आत असणाऱ्या गोष्टी. त्या महाराजांनी वाड्याबाहेर नेल्या. इंग्लंडने त्यांना मोठ्या माणसाचे घर कसे असते ते दाखविले आणि अमेरिकेने गाव हेच घर कसे करता येते ते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

मात्र या चरित्रात एक असे पान आहे की ते वगळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९१३ मध्ये महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. अस्पृश्यांसाठी शाळा महाराजांनी राज्याची सूत्रे हाती आल्याबरोबर, १८८२-८३ मध्येच, उघडल्या होत्या. न्यूयॉर्कला विद्यापीठाच्या वसतिगृहात आंबेडकरांना खोली मिळाली. नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा सोबती झाला. जात विचारणारे तिथे कोणी नव्हते. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये करारानुसार ते नोकरीसाठी बडोद्यास आले. ज्या राजाच्या पैशाने ते शिकले त्याच्या राजधानीत त्यांना भाड्याने खोली मिळेना. शेवटी नाव बदलून ते पारशांच्या एका पथिकाश्रमात राहिले. वरच्या मजल्यावर अडगळ, अंधार, वटवाघळे आणि एक मिणमिणता कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना संध्याकाळच्या आत जागा सोडावी लागली. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी अर्ज केला होता, त्याचा निकाल लागलेला नव्हता. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडेही आसरा मिळाला नाही. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. डोळ्यांत पाणी होते.

महाराजांनी सर्वांसाठी उघडलेली तीच बाग. गावात शेकडो एकरांच्या आवारात राजवाडा, आणि परदेशी पदव्या घेऊन आलेल्या माणसाला पाठ टेकायला दहा फूट जागा नाही. यात महाराजांचे मन लहान होते असे कोणी म्हणणार नाही. पण राजाची इच्छा आणि शेजाऱ्याचे दार यांत केवढे अंतर असते, ते या प्रसंगावरून कळते. न्यूयॉर्कच्या वसतिगृहातली साधी खाट त्या दिवशी आंबेडकरांना कोणत्याही राजवाड्याहून मोलाची वाटली असेल. आपल्या नावाने राहता येणे आणि रात्री निर्धास्त निजता येणे, ही घराची पहिली चैन आहे. ज्यांना ती जन्मतः मिळते त्यांना ती चैन वाटत नाही, इतकेच. पुढे बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, तेव्हा त्यांनी आधी विचार केला तो पुस्तकांच्या जागेचा.

महाराजांचे उत्तरायुष्य दुःखाचे गेले. थोरले पुत्र फत्तेसिंहराव १९०८ मध्ये वारले, शिवाजीराव १९१९ मध्ये, जयसिंहराव १९२३ मध्ये. एकामागून एक मुलगे गेले. कन्या इंदिराराजे यांनी ठरलेले लग्न मोडून १९१३ मध्ये स्वतःच्या मनाप्रमाणे कुचबिहारच्या राजघराण्यात विवाह केला. दिल्लीत गायकवाडांसाठी लट्येन्ससारख्या वास्तुविशारदाने ‘बडोदा हाऊस’ उभारले. घरे वाढत होती आणि घरातली माणसे कमी होत होती. कवळाण्याच्या मापाने मोजले तर हा राजा म्हातारपणी गरीबच म्हणावा लागेल. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि नातू प्रतापसिंहराव गादीवर आले.

आज त्या घरांचे काय झाले आहे? दिल्लीच्या बडोदा हाऊसमध्ये उत्तर रेल्वेचे मुख्य कार्यालय आहे. मकरपुऱ्याचा राजवाडा हवाई दलाच्या वापरात गेला. बडोद्याचा नजरबाग राजवाडा या शतकात पाडला गेला. आजव्याचे पाणी मात्र शहराला मिळते, कमाटीबागेत संध्याकाळी मुले खेळतात, मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तके दिली जातात आणि १९४९ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या विद्यापीठाला महाराजांचेच नाव आहे.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी सध्या एकच विषय चालू आहे. वाडी द्यायची की ठेवायची, आणि दिली तर बदल्यात किती फ्लॅट घ्यायचे. आमच्याही घरी हा निर्णय व्हायचा आहे. जुन्या घरात उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असते आणि पावसात कौले गळतात, हे मी विसरत नाही. स्वतंत्र खोलीत दार लावून अभ्यास करावा असे मलाही वाटते. इंग्लंडचे ते माप आता आपलेही झाले आहे आणि त्यात गैर काही नाही. तरी करारनाम्यावर सही होण्यापूर्वी मी वडिलांना दोन गोष्टी विचारायला सांगणार आहे. नव्या इमारतीत चार जणांना सहज बसता येईल असा ओटा कुठे असेल, आणि तिथे घर देताना कोणाची जात, धर्म वा ताटातले मासे विचारले जाणार आहेत काय. संगमरवर इटलीचा आहे की राजस्थानचा, हे त्यानंतर पाहता येईल.